पदराच्या गाठीतली गोळी

गोजराबाई दवाखान्याचा जिना चढून वर आली तेव्हा तिचं तोंड पार उतरलं होतं. मंगळवेढा ते सोलापूर एवढ्या रस्त्यात ती दोनदा ओकली होती आणि एष्टीची खिडकी तिनं कुणाला दिली नव्हती. गाडी लागणं हे त्या घरात आईकडून लेकीकडे आलेलं दान. दुसऱ्यांच्यात आईची बोरमाळ येते, आमच्यात ओकारी आली, असं तिचा धाकटा भाऊ श्रीमंत म्हणायचा.

तानाबाईनं माठातून तांब्या भरला आणि नणंदेपुढं केला.

"वन्स, चूळ भरा. दोन घोट घ्या."

गोजराबाईनं तांब्याकडं बघितलं, वहिनीकडं बघितलं, आणि स्वतः माठापाशी जाऊन पेला बुडवला. तानाबाईनं भरलेला तांब्या खिडकीत ठेवून दिला. सहा वर्षं हे असंच चाललं होतं. आता त्यात भांडण उरलं नव्हतं, नुसती रीत झाली होती. पण रीत झाली म्हणून काही दुखायचं थांबत नाही.

सहा वर्षांमागं तानाबाईचे सासरे, गोजराबाईचे वडील आप्पा गेले, ती रात्र घरात कोणी विसरलं नव्हतं. आप्पांचं आतडं फुटलं होतं. सांगोल्याच्या डॉक्टरनं बजावलं होतं की सकाळी मोठ्या दवाखान्यात हलवेपर्यंत पाण्याचा थेंब पोटात जाऊ द्यायचा नाही. आप्पा पाणी पाणी करत राहिले, आणि उजाडायच्या आत संपले. माणसं गोळा झाली तेव्हा रिकामा तांब्या थोरल्या सुनेच्या, तानाबाईच्या हातात होता. ते आतडं पाण्यावाचूनही वाचणार नव्हतं, असं त्या डॉक्टरनं नंतर सांगितलं, पण ते ऐकायला कोण बसलंय. गोजराबाईनं त्या दिवसापासून वहिनीच्या हातचं पाणी सोडलं. तो तांब्या तोंडाला लावायला कुणी सांगितलं, हे कुणी विचारलं नाही. तानाबाईनंही सांगितलं नाही.

"कशी हाय आई?" गोजराबाईनं विचारलं, तेही थोरल्या भावाला, बिरप्पाला, वहिनीला नाही.

"खडे निघाले. चिंचोक्याएवढे हुते," बिरप्पा म्हणाला. "डॉक्टर म्हनला, पित्ताची पिशवीच काडून टाकली."

"म्हंजी आता आईला पित्ताची पिशवीच न्हाय व्हय? इचारलं का कुनाला?"

"तुला इचाराय मंगळवेढ्याला यायचं, तवर दुखनं थांबलं असतं का?"

श्रीमंत बहिणीच्या बाजूनं उभा राहिला. तो पहिल्यापासून ऑपरेशनच्या विरोधात होता. त्याला आईला हुलजंतीच्या देवाला न्यायचं होतं, तिथल्या पुजाऱ्याच्या हातचा अंगारा लावायचा होता. बिरप्पा एकटा अडून बसला, आणि त्याच्यामागं त्याची बायको. त्यामुळं आज खाटेच्या एका बाजूला बहीणभाऊ होते, दुसऱ्या बाजूला नवराबायको, आणि मधे मायाक्का. तिघा भावंडांची आई, साठीची, वाळल्या शेंगेसारखी हलकी बाई.

तिचं पोट सकाळी आठला फाडलं होतं. अकराला ती शुद्धीवर आली ती कण्हतच. मग सावित्रम्मा सिस्टरनं दंडात सुई दिली. दुखणं मावळलं, पण उलट्या सुरू झाल्या. पोटात काही नाही, तरी उमाळा यायचा, आणि प्रत्येक उमाळ्याला टाके ओढले जायचे. डॉक्टर गुरप्पा बघून गेले होते. भुलीनं होतं, दुखण्याच्या सुईनंही होतं, म्हणाले. उद्यापर्यंत पाणी नाही, ओठ सुकले तर ओला कापूस फिरवा.

दीडच्या सुमाराला दोघे भाऊ खाली चहा प्यायला गेले आणि गोजराबाई लुगडं धुवायला मोरीत गेली. खोलीत सासूसून दोघीच उरल्या. मागच्या गल्लीतून विणकरांच्या मागांची खडखड येत होती. मायाक्कानं डोळे उघडले.

"ताने, वळनावर आल्यावानी हुतंय गं. एष्टी वळतीया नि वळतीया."

"पडून ऱ्हावा, आत्याबाई. थांबंल."

"न्हाय थांबत. टाकं तुटत्यात. माजी गोळी दे."

ती गोळी तानाबाईच्या पदराच्या गाठीत होती. तशी ती नेहमीच असायची. मायाक्का एष्टीत पाय ठेवायची ती सुनेनं गाठ सोडल्यावरच. ह्या गोळीचा हिशोब घरात पक्का होता: मंगळवेढ्यापर्यंत एक, सोलापूरपर्यंत दोन. औषधाचं माप मैलांवर ठरतं, असं ह्या घराला कुणी शिकवलं नव्हतं. पण आजवर ते चुकलंही नव्हतं.

तानाबाईनं नको म्हटलं. मायाक्का पुन्हा उमाळली. हात पोटावर दाबून ती अशी कळवळली की तानाबाईला बघवेना. डॉक्टर पाणी नको म्हणाला होता, गोळीचं काही बोलला नव्हता. आणि ही तर नेहमीची गोळी, घरची. काल इथं येताना घेतलीच होती की. तिनं दोन गोळ्या कागदात ठेवून पेल्याच्या बुडानं चेचल्या, ओल्या कापसावर तो चुरा घेतला आणि सासूच्या जिभेला लावला. सोलापूरला आलोय म्हणून दोन. एक लावून थांबावं हे तिच्या मनातसुद्धा आलं नाही.

तासाभरात उमाळे थांबले. तानाबाईला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची भीतीही वाटली. भाऊ वर आले, गोजराबाई ओलं लुगडं झटकत आली. तानाबाईनं गोळीचं कुणालाच सांगितलं नाही.

तीनचा गिरणीचा भोंगा झाला. मायाक्काचं पोट पुन्हा ठणकायला लागलं होतं. सावित्रम्मा सिस्टर ट्रे घेऊन आत आली.

"काय आज्जी, दुखायलंय काय? उलट्या थांबल्या का चालूच हाईत?"

"सकाळपास्नं त्येच चाललंय बगा," बिरप्पा म्हणाला. त्याला काय माहीत.

"मग डॉक्टरांनी लिवलंय तसं उलटीचं पण देते. दोन्ही एका सुईत."

हीच बोलायची वेळ होती. सिस्टर सुईत औषध भरत होती, बाटलीत हवा सोडत होती. एवढ्या वेळात एक वाक्य सहज बोलून झालं असतं. पण गोजराबाई खाटेच्या दांड्याला टेकून उभी होती, आणि तिच्या डोळ्यांदेखत तानाबाईची जीभ उचलेना. तिनं मनाची समजूत घातली. गोळी पोटात जाते, सुई दंडात. दोघींची गाठ पडतेय कुठं?

सुई झाली. पाव तासात मायाक्काचा चेहरा सैल पडला. कण्हणं थांबलं. अर्ध्या तासात ती गाढ झोपली.

आई झोपली आणि खोलीतली माणसं जवळ आली. गोजराबाईनं पिशवीतून घरची शेंगाचटणी काढली, श्रीमंतनं भाकरी मोडली. सकाळपासून एकमेकांकडं पाठ केलेली तिघं भावंडं एका कागदावर जेवायला बसली.

"दादा," गोजराबाई म्हणाली, "खरं सांगू का? मला वाटलं हुतं, चिरफाड करून आई जाती. तुजंच बराबर निगालं."

बिरप्पानं चटणीचा घास घेतला आणि बायकोकडं बघितलं. कौतुक वाटून घ्यायला बघितलं. तानाबाईला ते बघणं सोसेना. ती उठून सासूच्या उशाशी गेली.

मेंढरांच्या घरात वाढलेल्या बाईला कुणी श्वास मोजायला शिकवावा लागत नाही. व्यालेली मेंढी थकून आडवी पडली की घरची बाई तिच्या बरगडीवर हात ठेवून बसते. तानाबाईनं तसा हात ठेवला. तिचे स्वतःचे तीन श्वास झाले, तेव्हा सासूचा एक. पुन्हा मोजलं. तिनाला एक. ओठ मातकट दिसत होते.

"आत्याबाई." तिनं खांदा हलवला. "आत्याबाई, उठा."

"झोपू दे की," गोजराबाई बसल्याजागी म्हणाली. "आत्ता कुटं डोळा लागलाय."

तानाबाईनं पुन्हा हलवलं. मान एका बाजूला कलली, तशीच राहिली. ती काही हुशार बाई नव्हती, शाळेची पायरी तिनं पाहिली नव्हती. पण आपण गप्प राहिलो तर काय होणार आणि बोललो तर काय होणार, दोन्ही तिला दिवसाउजेडी दिसत होतं. बोललो तर ह्या घरात पुन्हा तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती. आज कुठं नवऱ्याचा शब्द वर राहिला होता, तोही तिच्यापायी धुळीत जाणार होता.

"मी आत्याबाईंना गोळी दिलीया," ती म्हणाली.

"कसली गोळी?" बिरप्पानं विचारलं.

"गाडीची. दुपारी. तुमी खाली हुता तवा."

"कितीक?"

"दोन. सोलापूरच्या."

श्रीमंतला आधी हसूच आलं. गाडीच्या गोळीनं कधी कुणाला काय झालंय? गोजराबाई हसली नाही. ती हातातला घास कागदावर ठेवून उभी राहिली.

"दुसऱ्यांदा," ती म्हणाली. एवढंच म्हणाली.

"व्हय, दुसऱ्यांदा. मागनं काय बोलायचं ते बोला, मी हितंच हाय. आदी डॉक्टरला आनते," असं म्हणून तानाबाई जिन्यानं खाली गेली.

डॉक्टर गुरप्पा खाली पेशंट तपासत होते. तानाबाई रांग मोडून आत शिरली आणि उभ्याउभ्या सगळं सांगितलं. ते खुर्ची मागं सारून वर आले. मायाक्काची पापणी उचलून पाहिली, घड्याळ धरून श्वास मोजले.

"मिनिटाला सात. सिस्टर, ऑक्सिजन. आणि उतारा भरून ठेवा, देऊ नका अजून. बाई, ती गोळी दाखवा."

तानाबाईनं गाठ सोडली. डॉक्टरांनी पाकिटाची मागची बाजू उजेडात धरून वाचली आणि मान हलवली.

"सुईतलं उलटीचं औषध आणि ही गोळी, दोन्ही एकाच घरची. उलटी थांबवतात आणि गुंगी आणतात. दुखण्याची सुई ती तिसरी. ती गुंगी आणते ती आणते, श्वासही मंद करते. एकेकटी असली तर चालतं. तिघी एकदम आल्या की एवढ्याशा बाईला पेलत नाहीत." मग तानाबाईकडं वळून म्हणाले, "मला विचारायचं होतं की."

"इचारलं असतं तर तुमी न्हाय म्हनला असता."

"म्हटलंच असतं." डॉक्टर म्हणाले. "मी पाणी नको म्हणालो, घरचं औषध नको असं म्हणालो नाही. ते माझं चुकलं. पण सिस्टरनं विचारलं तेव्हा सांगायला पाहिजे होतं."

"व्हय," तानाबाई म्हणाली.

"उतारा हाय म्हनता, तर मग द्या की," श्रीमंत म्हणाला.

"तो फक्त दुखण्याच्या सुईवर चालतो, गोळीवर नाही. आणि दिला तर पोटाचं सगळं दुखणं एकदम परत येईल. लागला तर देऊच. आधी जागं करून बघू. हाका मारा. श्वास घ्या म्हणा. घेतला की पुन्हा म्हणा. गाढ जाऊ द्यायचं नाही."

गोजराबाईनं आईचा हात धरला. "आई, ये आई, मी गोजरा आलीया." मायाक्का हलली नाही. श्रीमंतनं कानाशी मोठ्यानं हाक दिली. बिरप्पानं तळपाय चोळले. तानाबाई पायथ्याला उभी होती. तिला कुणी वाट दिली नव्हती आणि तिनं मागितलीही नव्हती.

"ह्यांच्याशी रोज बोलतं कोण?" डॉक्टरांनी विचारलं.

बिरप्पानं सरकून तानाबाईला जागा केली. गोजराबाईनं हात सोडला नाही, पण तीही थोडी बाजूला झाली.

तानाबाई वाकली. बावीस वर्षं ह्या बाईचा दिवस कुठल्या हाकेनं सुरू होतो ते तिला ठाऊक होतं. लाडाच्या नक्कीच नाही.

"आत्याबाई, मेंढरं हरबऱ्यात शिरली."

पापणी हलली.

"अवो आत्याबाई, मेंढरं शिरली की हरबऱ्यात."

"कुनाच्या?" आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा आला.

"पाटलाच्या."

"मग हाकल की. मी सांगू व्हय?" मायाक्का म्हणाली, आणि ते बोलायला तिला मोठा श्वास घ्यावा लागला.

"छान," डॉक्टर म्हणाले. "चालू ठेवा."

त्यानंतरचा तासभर तानाबाईनं मेंढरं गावातल्या एकेका रानात घातली. पाटलाचा हरभरा झाला, संगप्पाची करडई झाली, देवळामागची ज्वारी झाली. दर वेळी मायाक्का डोळे किलकिले करून तिला आळशी म्हणाली, बिनकामाची म्हणाली, आणि दर वेळी एक श्वास जास्त घेतला. रानं संपत आली तेव्हा तानाबाईला पुढचं सुचेना.

"नदीकडच्या मळवीतला मका," गोजराबाई हळूच म्हणाली. तिनं वहिनीकडं बघितलं नव्हतं.

"आत्याबाई, मळवीतल्या मक्यात शिरली."

"त्यो तर आपलाच हाय गं," मायाक्का म्हणाली, आणि सावित्रम्मा सिस्टर ऑक्सिजनची नळी धरून खुदकन हसली.

पाचला डॉक्टरांनी पुन्हा घड्याळ धरलं. चौदा. ओठांवर रंग आला होता. उताऱ्याची सुई न वापरताच ट्रेमध्ये परत गेली. सिस्टर रात्रभर दर अर्ध्या तासाला श्वास मोजेल, आणि विचारल्याशिवाय कुणी काही द्यायचं नाही, असं सांगून ते खाली गेले. जाताना गोळ्यांचं पाकीट तानाबाईच्या हातात परत दिलं. "ह्या प्रवासालाच ठेवा."

मायाक्का कण्हत होती, पण जागी होती. बिरप्पा भिंतीकडं बघत बसला होता.

"मला तरी सांगायचंस," तो शेवटी बायकोला म्हणाला.

तानाबाईनं पाकीट पुन्हा पदराच्या गाठीत बांधलं. गोजराबाईला राहवलं नाही. आई वाचली होती, आता राग काढायला हरकत नव्हती.

"सांगती कशाला? आप्पाच्या येळी तरी कुटं सांगितलं? आई, तुला न्हाय ठावं, आज तू गेली असतीस. हिच्याच हातानं आप्पा गेले, हिच्याच हातानं तू."

"गोळी मी मागितली," मायाक्का म्हणाली.

"तू मागितलीस म्हून तिनं द्यायची?"

मायाक्कानं लेकीकडं मान वळवली. औषधाच्या गुंगीत माणूस सैल होतं म्हणतात. पण तिचे डोळे चांगले टक्क उघडे होते.

"पानी बी मीच सांगितलं हुतं, गोजरे."

गोजराबाई खाटेच्या कडेला टेकली.

"आप्पा तळमळत हुतं. मला बगवंना. मी हिला म्हनलं, पाज गं त्यास्नी, काय हुयाचं ती हुईल. हिनं पाजलं. मानसं आली तवा तांब्या हिच्या हातात हुता. मी तोंडाला पदर लावून बसले. आज सांगू, उद्या सांगू करत सा वरसं गेली." तिनं दम घेतला. "ही बी बोलली न्हाय. सासूचं झाकलं. आन आज सवताचं झाकलं न्हाय. म्हून मी हाय."

श्रीमंत खाली मान घालून भाकरीच्या कागदाच्या घड्या करत बसला. बिरप्पानं बायकोकडं बघितलं, ते बराच वेळ.

तानाबाईला वाटलं होतं की हे कधी ऐकायला मिळालं तर आपल्याला रडू येईल. पण आला तो राग. सहा वर्षं. सहा दिवाळ्या नणंदेनं तिच्या हातचं पाणी नाकारलं आणि ही म्हातारी चुलीपाशी बसून बघत राहिली. तिला हातातला सासूचा हात झटकून टाकावासा वाटला. मग त्याच हातात सलाइनची सुई दिसली, आणि तिनं तो नीट उशीवर ठेवला. रडू त्यानंतर आलं. तिनं ते खिडकीकडं तोंड करून उरकलं.

साडेसहाला मंगळवेढ्याची शेवटची गाडी होती. गोजराबाईच्या घरी म्हातारा सासरा होता आणि दुभती म्हैस होती. परवा परत येते म्हणून तिनं पिशवी भरली, आईच्या पायांवर डोकं ठेवलं, भावांना सूचना दिल्या. दारापर्यंत गेली. तिथं उंबऱ्यात थांबली आणि पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली.

"वैनी," ती म्हणाली, "गोळी हाय का?"

तानाबाई जवळ गेली आणि पदराची गाठ सोडली. पाकिटातून एक गोळी काढली. मंगळवेढ्याची एक. पण लगेच दिली नाही, मुठीत धरून ठेवली.

"सकाळपास्नं दुसरं काय औशिद घेतलंय का?"

"न्हाय."

"सुई-बिई?"

"न्हाय की गं."

मग तिनं गोळी नणंदेच्या तळव्यावर ठेवली. गोजराबाई माठाकडं वळली नाही. तिथंच हात पुढं करून उभी राहिली. तानाबाईनं खिडकीतला तांब्या उचलला, सकाळचा, भरलेला.

"सकाळचं हाय. थांबा, ताजं आनते."

"ऱ्हाऊ दे. त्योच दे," गोजराबाई म्हणाली. गोळी जिभेवर टाकून तिनं तांब्या तोंडाला लावला, आणि पाणी संपेपर्यंत खाली घेतला नाही.